एका खुणेचे दोन कळप

धुळाला बसायची सोयच नव्हती. वीरभद्रप्पाच्या रंगखान्यात तीन कढया होत्या आणि तिन्हींच्या काठाला माणूस उभाच लागायचा. सूत सोडा, दांड्यानं फिरवा, वर काढा, पिळा, पुन्हा सोडा. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की उभं राहायचं, ते दिवस कलल्यावरच टेकायचं. अशी सोळा वर्षं झाली होती. पोटऱ्यांवरच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या होत्या. संध्याकाळी घोटे टम्म फुगायचे, बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तो भरून येईपर्यंत चिलीम ओढून संपायची. हात तर कोपरापर्यंत असे रंगलेले, की नव्या पेठेत गेला तर दुकानदार लांबूनच ओरडायचा, "बाबा, कापडाला हात लावू नगंस, तोंडानं सांग काय पायजे ते."

तो मूळचा ह्या धंद्यातला नव्हे. सांगोल्याच्या पल्याडचा धनगर. बाप तात्याबा दीडशे मेंढरं राखून होता. उन्हाळ्यात कळप करकंबाकडं जायचा, तिथल्या बागायतदारांच्या रानात मेंढरं बसवायची. रानाला खत मिळायचं, धनगराला ज्वारी. पुढं दुष्काळाच्या सालात निम्मी मेंढरं चाऱ्यावाचून गेली आणि उरली ती देवीच्या रोगानं नेली. बापही त्याच साली गेला. धुळा बायकोला, मायाक्काला, घेऊन सोलापुरात आला. "मेंढरामागं चालून चालून तंगड्या ग्येल्या, आता शेरात बसून खाऊ," असं तो निघताना म्हणाला होता. मायाक्का ते वाक्य त्याला सोळा वर्षं ऐकवत होती.

एका दुपारी वीरभद्रप्पानं गादीवरून हाक टाकली.

"येनो धुळाप्पा, मास्तर आलाय तुला न्यायला. ह्या वयात साळंत नाव घालतोस काय रे?"

दारात वेणीमाधव मास्तर उभे होते. नव्या पेठेमागच्या शाळेत भूगोल शिकवायचे. पन्नाशीचा, पोटाच्या दुखण्यानं सुकलेला माणूस. त्यांच्या वर्गात मराठी पोरं, साळ्यांची तेलुगू पोरं, अक्कलकोटाकडची कानडी पोरं आणि दखनी बोलणारी पोरं, अशी भेळ होती, आणि कुणाची बोली बोली आणि कुणाची नुसती बडबड ह्यावरून रोज डोकी फुटायची. मास्तरांच्या मनात आलं होतं की जगात कुठं कोणती भाषा बोलतात त्याचा एक मोठा नकाशा करून भिंतीला लावावा.

"मागं एक कागदावर केला होता," मास्तर म्हणाले. "छप्पर गळलं आणि आफ्रिका समुद्रात वाहून गेली. आता कापडावर करायचाय. रंग पक्का पाहिजे."

"माजा रंग जात न्हाय. कापाड फाटंल, रंग न्हाय."

"म्हणून तर आलो. रेघा मी आखतो, तू भरायचं. तुझा सुट्टीचा वार तेवढा दे. डिप्टीसाहेब पावसाळ्याआधी तपासणीला येतात. त्यांना पसंत पडला तर जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना असे नकाशे करायचं ठरलंय, आणि त्या कामाला माणूस कायमचा ठेवायचाय. हेडमास्तरांनी तसं लिहून पाठवलंय."

"काम कसलं?"

"हेच. खोलीत बसून रंग भरायचे."

धुळानं दांडा कढईच्या काठाला टेकवला.

"बसून?"

"बसून. चांगलं स्टूल देऊ."

त्या दिवसापासून धुळाच्या डोक्यात नकाशा नव्हता, भाषा नव्हत्या. स्टूल होतं.

शाळेच्या मागच्या खोलीत मास्तरांनी नऊ हात रुंदीचा मांजरपाट अंथरला. ॲटलास उघडून त्यावर जग आखलं. धुळा रंगात डिंक कालवून, काडीला कापूस गुंडाळून एकेक मुलूख भरायचा. मग तेवढ्या भागाला वाफ द्यायची, की रंग धाग्यात मुरायचा. मास्तरांनी पुस्तकात नावं सापडली तशा बत्तीस भाषा निवडल्या होत्या. बाकीची जागा कोरी. जमिनीवर ओणवं होऊन काम करताना पाठ धरायची. पण कढईपेक्षा बरं. मायाक्का भाकरी घेऊन यायची, उंबऱ्यात उभी राहून बघायची.

"आपली बोली कुटं हाय ह्येच्यात?"

"ही तांबडी. मराठी."

"आन आपली?"

"मास्तर म्हनत्यात दोनी एकच."

"आसं व्हय?" मायाक्का म्हणाली. "मग मास्तरीनबाईला माजं बोलनं कळत कसं न्हाय?"

मास्तर खाली मान घालून रेघ मारत राहिले.

चैत्र सरता सरता तीस भाषा भरून झाल्या. दोन राहिल्या, त्या मास्तरांमुळं. त्या कुठवर पसरल्यात ह्याची त्यांना खात्री नव्हती. एक वर, युरोपाच्या डोक्यावर, फिनिश. दुसरी खाली, हिंदुस्थानच्या पायाशी, मल्याळम. फिनिशसाठी त्यांनी कुर्डुवाडीच्या एका रेल्वेतल्या गोऱ्या साहेबाकडून जाडजूड पुस्तक मागवलं. मल्याळमसाठी स्टेशनातल्या मलबारी तारमास्तराची वाट बघितली. तो रजेवर गावी गेला होता. परत आला तेव्हा केसांतल्या खोबरेल तेलाचा वास सोडत खोलीत शिरला, आणि मास्तरांच्या हातातली पेन्सिल घेऊन सरळ खाली बसला.

"इधर देखो. ऊपर कासरगोड. नीचे त्रिवेंद्रम, उसके बाद थोडा. फिर तमिळ आ गया. इधर पहाड, इधर समुंदर. बस, बीच में हम."

"एवढंच?" धुळानं विचारलं. समुद्राच्या कडेला करंगळीएवढी चिंचोळी पट्टी आखली गेली होती.

"एवढंच?" तारमास्तराला राग आला. "राज तीन है इसमें! मलबार मद्रासवालों का, कोचीन का राजा अलग, त्रावणकोर का महाराजा अलग. बोली एक. नव्वे लाख आदमी!"

"नव्वद लाक? आन ह्येच्यात?" धुळानं करंगळी पट्टीशेजारी लावून बघितली. "उभं ऱ्हात्यात का समदी?"

"घर आहेत, घर. प्रत्येकाचं वेगळं, भोवती नारळ, मागं पाणी. होडीनं जातो आम्ही." तारमास्तर मराठीवर आला. "सोलापूरसारखं नाही. इथं पाणी म्हणजे रेल्वेच्या टाकीत."

तो गेल्यावर मास्तरांनी जाडं पुस्तक उघडलं आणि फिनिशची रेघ आखली. ती वीतभर भरली. दक्षिणेला आणि पश्चिमेला समुद्र, पूर्वेला रशिया. सरहद्दीपलीकडं रशियात थोडी, स्वीडनच्या कडेलाही थोडी. उलट फिनलंडच्याच काठाकाठानं स्वीडिश बोलणारी गावं.

"ही बरी ऐसपैस हाय," धुळा म्हणाला. "हितं मानसं किती?"

"तीस लाख. थोडी वर."

धुळानं रंगाची काडी खाली ठेवली.

"थांबा, मास्तर. करंगळीत नव्वद लाक, आन वितीत तीस?"

"नकाशात ती जरा फुगून दिसते. जग गोल आहे ना, ते सपाट कापडावर पसरताना वरचा भाग ताणला जातो. तरीसुद्धा खरी जमीन मल्याळमच्या आठ-नऊ पट आहे. पण आत माणसं थोडी. सगळं रान आणि तळी. हजारो तळी. हिवाळ्यात गोठतात, त्यांच्यावरून घोडागाडी जाते."

"पान्यावरनं?"

"घट्ट होतं रे ते. उन्हाळ्यात मग वर उत्तरेला सूर्यच मावळत नाही."

"म्हंजे सुटीचा भोंगा वाजतच न्हाय म्हना की. उबंच ऱ्हावा." धुळानं मान हलवली. "हितं बी पानी, तितं बी पानी. द्येवानं वाटप करताना सांगोल्याकडं पाठ क्येली बगा."

मास्तर पुस्तकात पुढं वाचत होते. "अगदी वरच्या टोकाला मात्र फिनिश नाही. तिथं लॅप लोक. सांबरासारखी जनावरं असतात त्यांची, कळप घेऊन हिंडतात."

"धनगर हाईत की तितं!" कधी नव्हे ते धुळाच्या आवाजात जीव आला. "त्येंची बोली येगळी?"

"वेगळी. फिनिशच्या नात्यातली, पण वेगळी."

"आसनारच. जनावरामागं हिंडनाऱ्याची बोली अन् घरात बसून खानाऱ्याची बोली एक कशी आसंल?"

आता रंगाचा प्रश्न आला. धुळाकडं नऊ मूळ रंग होते. ते एकमेकांत कालवून, एकावर एक चढवून त्यानं एकतीस छटा जमवल्या होत्या, सगळ्या पक्क्या. तीस वापरून झाल्या. उरली एक, कडुलिंबाच्या कोवळ्या पाल्यासारखी हिरवी. आणि मुलूख दोन.

"आणखी एक काढ की," मास्तर म्हणाले.

"निगतोय, पर कच्चा. दोन पावसाळ्यात इटंल. मी कच्चा लावनार न्हाय." धुळा कापडाभोवती फिरून आला. एकदा वरच्या टोकाला उभा राहिला, एकदा खालच्या. "मास्तर, दोनीला ह्योच लावू या की."

"दोघांना एकच?"

"आमच्यात खुनंचं आसं आसतंय बगा. मेंढराच्या पाटीवर रंगाचा पट्टा मारायचा, खूण म्हनून. आता धनगर लई आन रंग दोन-चार. मग रीत काय? ज्ये कळप एका पान्यावर येत्यात त्येंची खूण येगळी पायजे, न्हायतर मेंढरं मिसळत्यात आन डोकी फुटत्यात. ज्ये जल्मात भेटत न्हाईत त्येंची एक आसंना का. माज्या बापाची निळी खूण हुती. जतच्या खालतीकडं एका धनगराची बी निळीच. तो तिकडनं कृष्णंकडं जायाचा, आमी हिकडनं करकंबाला. कवा वाद न्हाय. आता ह्ये फिनिशवालं आन ह्ये मलबारी, एका हिरीवर येनार हाईत का?"

मास्तर पोट धरून हसले. हसल्यावर दुखलं असावं, लगेच गप्प झाले.

"नाहीत येणार. लाव."

धुळानं वर वीतभर हिरवा भरला, खाली करंगळीभर भरला. वाफ दिली. काम संपलं.

डिप्टीसाहेब आले ते सांगितल्या वेळेच्या तीन तासांनी. तोवर धुळा भिंतीला टांगलेल्या नकाशाशेजारी उभा होता. खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या, पण त्या पाहुण्यांच्या. खिडकीखाली एक नवं स्टूलही होतं, सुताराकडून कालच आलेलं. पसंती मिळाली तर धुळाचं. मिळण्याआधी त्यावर टेकणं बरं दिसलं नसतं, म्हणून तो उभाच होता. डाव्या पोटरीतली शीर नाडीसारखी उडत होती.

साहेबांनी नकाशा बघितला आणि खूश झाले. रुमालाचं टोक भिजवून समुद्राच्या कडेला घासलं. रुमाल पांढराच राहिला.

"वा! हेडमास्तर, कोण हा कारागीर?"

"हा धुळा, साहेब. रंगाऱ्याचं काम करतो."

"छान, छान." साहेब छडीचं टोक भाषेमागून भाषेवर फिरवत गेले. छडी मल्याळमवर आली, थांबली. मग वर गेली, फिनिशवर थांबली. पुन्हा खाली आली. "हे काय? हे दोन्ही एकाच रंगाचे?"

साहेबांनी छडी काखेत घेतली आणि मास्तरांकडं वळले.

"फिनलंडात मल्याळम बोलतात का, मास्तर?"

वेणीमाधव मास्तरांनी वहाणेच्या अंगठ्याकडं बघितलं. "नाही... ते रंग... रंगाऱ्यानं..."

एवढंच. 'लाव' म्हटलेलं तोंड ते हेच होतं, आणि धुळानं त्या तोंडाकडं पुरतं बघून घेतलं. मग त्यानं साहेबांना खुणेची रीत सांगितली. मास्तरांना सांगितली तशीच, मेंढरांसकट, विहिरीसकट. साहेबांनी ऐकून घेतलं, हे त्यांचं मोठेपण. शेवटी हसले.

"मेंढरांचा कायदा मेंढरांना ठीक. शाळेत पोरगं येणार, दोन हिरवे ठिपके बघणार आणि पाठ करणार की ही एकच भाषा. बरोबर?"

धुळाच्या जिभेवर उत्तर आलं होतं. तात्याबाची आणि जतवाल्याची खूण एक म्हणून दोघं भाऊ होते असं कुणी आडाणी धनगरसुद्धा कधी म्हणाला नव्हता. मग शिकलेलं पोरगं कसं म्हणेल? वर एवढं बर्फ, खाली एवढे नारळ, मधी निम्मं जग पडलंय. ते दिसंना काय त्या पोराला?

"काम तुझं चांगलं आहे," साहेब म्हणाले. "पण आपलंच खरं करणारा माणूस मला शाळाखात्यात नको. आज इथं वाद घालशील, उद्या बार्शीच्या शाळेत घालशील. चुकलं असेल तर चुकलं म्हण, आठ दिवसांत दुरुस्त कर, आणि एक तारखेपासून ये. चुकलं नसेल तर तसं सांग, मी दुसरा माणूस बघतो."

हेडमास्तर घड्याळाकडं बघत होते. खिडकीतून ऊन स्टुलाच्या फळीवर आलं होतं.

"चुकलं, सायेब," धुळा म्हणाला.

"कुणाचं?"

"माजंच."

साहेबांची गाडी गेली. मास्तर धुळाच्या मागोमाग फाटकापर्यंत आले.

"धुळा, मी बोलायला पाहिजे होतं."

"आसू द्या. तुमी बसून काम करता, मास्तर. बसल्या मानसाला उटायचं जिवावर येतंय."

मास्तर तिथंच उभे राहिले. धुळा लंगडत पेठेच्या अंगानं चालू लागला.

एक तारखेला तो शाळेच्या मागच्या खोलीत जाऊन बसला, आणि पुढं नऊ वर्षं बसला. पायांची सूज उतरली, मग बसून बसून कंबर धरली. जिल्ह्यातल्या शाळांना त्यानं किती नकाशे केले हे त्यालाही सांगता यायचं नाही. कढईपाशी त्याच्या जागी दुसरा कुणी उभा राहिला. वीरभद्रप्पा वाटेत भेटला की म्हणायचा, "काय साहेब, खुर्चीत काय?" आणि धुळा म्हणायचा, "स्टुलावर, मालक. पाटीला टेकू न्हाय." पण हे सगळं पुढचं. आधी तो नकाशा दुरुस्त व्हायला हवा होता.

अडचण अशी की धुळाचा रंग निघत नव्हता. सोडा लावला, चुना लावला, उकळतं पाणी ओतून बघितलं. हिरवा तसाच. दुसरा रंग वर चढवावा तर काळपट व्हायचा, आणि काळा चिनी भाषेला दिलेला. सातव्या दिवशी धुळा कापडाची गुंडाळी खांद्यावर टाकून घरी आला आणि ती मायाक्कापुढं सोडली.

"ह्येच्यावर ठिगाळ मारायचं. येगळ्या रंगाचं."

मायाक्कानं बोचकं सोडलं. चोळी शिवून उरलेला खणाचा तुकडा निघाला, जांभळा, बारीक बुट्टीचा. जगात कुठंच तो रंग नव्हता. दारात उजेड होता तिथं ती कापड मांडीवर घेऊन बसली. धुळा भिंतीला पाठ लावून पाय पसरून बसला.

"कुटं लावू? वर का खाली?"

"खाली."

"वरच्या मुलकाला का न्हाय?"

"त्यो वीतभर हाय. तुजा तुकडा पुरतोय का त्येला?"

तिनं तुकडा वर लावून बघितला, खाली लावून बघितला. "मानसं कुटं जास्त?"

"खालीच. तिप्पट."

"जास्त मानसास्नी ठिगाळ, आन थोड्यास्नी तुमचा पक्का रंग. बरा न्याय हाय."

"कापाड जेवढं, तेवढाच न्याय."

मायाक्कानं सुईत दोरा ओवला. पट्टीच्या आकाराचा तुकडा कातरला, कडा आत दुमडल्या, वरून कासरगोडापासून टाके घालायला सुरुवात केली. बारीक टाके, गोधडीला घालतात तसे. गल्लीत साळ्यांचे माग खटखटत होते.

"सायबाम्होरं चुकलं म्हनला म्हनं तुमी?"

"म्हनलं."

"चुकलं हुतं का?"

"न्हाय."

"मग?"

धुळानं पोटरीवर हात फिरवला.

"पाय दुकत हुतं."

मायाक्कानं सुई पुन्हा कापडात घातली. त्रावणकोराची खालची कड अजून शिवायची राहिली होती.